दोन दारांची डिझेल

पंपावर डिझेलच्या रांगेत उभा राहिलो की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, “ही गाडी बाहेरून मागवली का?” मी सांगतो, बाहेरची नाही, पुण्याची आहे, पिंपरीची. टाटा सिएरा. टाटा मोटर्सला लोक टेल्को म्हणायचे, तेव्हाची. 1991 साली ती बाजारात आली तेव्हा रस्त्यावर मारुती 800, फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर हेच ओळखीचे चेहरे होते. त्यात ही उंच, चौकोनी, जादा चाक पाठीवर बांधलेली, पॉवर विंडो आणि एसी असलेली गाडी. 1948 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. आणि माणसांसाठी दारं फक्त दोन.

दोन दारांच्या मोटारीला कूपे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘कापलेला’. मोठ्या बग्गीतली एक बैठक कापून टाकली की दोघांपुरती राहते ती कूपे. आपल्याकडे हाच शब्द रेल्वेतून आला. फर्स्ट क्लासमधल्या दोन बर्थच्या खोलीला टीसी आजही कुपे म्हणतो. मोटारींचे जाणकार सिएराला कूपे म्हणू देणार नाहीत, कारण तिचं छत मागे उतरत जात नाही आणि ती पळतही नाही. टर्बो इंजिन पुढे आलं, माझी त्याआधीची, 1996 ची. पण दिवसभर मुलांना शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या माणसाने आपल्या गाडीला एवढं एक विशेषण लावून घेतलं तर कुणाचं काय बिघडतं?

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. गाडी घेतली 2010 साली, शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून, 85 हजारांना. नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. सहकाऱ्यांनी त्या पैशात नव्या मोटारसायकली घेतल्या, कुणी जुनी मारुती घेतली. चौदा वर्षं जुनी डिझेल गाडी, तीही बंद पडलेल्या मॉडेलची, हा निर्णय स्टाफरूममध्ये बरेच दिवस चघळला गेला. निर्णयामागे माझ्यापेक्षा अब्बांचा हात होता. त्यांनी सारी उमर ट्रक चालवला. सोलापूरहून चादरी आणि टॉवेल भरून हैदराबाद, विजयवाडा, कधी मद्रास. पेट्रोलच्या गाडीला ते गाडीच समजत नसत. नव्वदच्या दशकात पुणे रस्त्यावर एक लाल सिएरा त्यांच्या ट्रकला ओलांडून गेली होती, ती त्यांच्या डोक्यातून निघाली नाही. निवृत्तीनंतर गुडघे धरून घरी बसलेल्या माणसाने एवढीच एक फर्माईश केली. मला ती पुरी करता येत होती, म्हणून केली.

विकणारा एक कंत्राटदार होता. अब्बांनी बॉनेट उघडायच्या आधी इंजिन हाताने चाचपून थंड असल्याची खात्री केली. जुनी डिझेल बघायला जाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. विकणारा हुशार असेल तर तुम्ही यायच्या आत ती गरम करून ठेवतो, म्हणजे थंडीतली कुरकुर आणि पहिला धूर तुमच्या नजरेला पडत नाही. मग त्यांनी मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसले. धूर थोडा पांढरा आला आणि दोन मिनिटांत विरला. काळा नाही, निळा नाही. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, त्यावर इलाज आहे. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय, तिथे खिसा रिकामा होतो. पांढरा गाडी तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत शिरतंय का ते बघायचं. हे ज्ञान मला बी.एड.ला कुणी दिलं नव्हतं.

दोन दारांसोबत संसार करणं ही वेगळीच तालीम आहे. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवायची, सरकवायची, एक पाय आत टाकायचा, डोकं वाचवायचं, मग उरलेला देह ओढून घ्यायचा. अम्मीला ते शक्य नव्हतं, म्हणून पुढची सीट कायमची तिची झाली. अब्बा मागे. बायको आधी मागे जायची, मग मुलगी, मग अब्बा, मग डबे. उतरताना हाच क्रम उलटा. कुठल्या शादीच्या मंडपासमोर थांबलो की लोक मोजत उभे राहायचे, अजून किती निघतात. एकदा गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला जाताना आम्ही सात जण होतो आणि वाटेत पोलिसाने थांबवलं. त्याने आत वाकून बघितलं, दारं मोजली आणि म्हणाला, “चलान राहू द्या, आधी हे सांगा, आजोबांना आत बसवलं कसं?”

पण एकदा मागे बसलं की बसणाऱ्याची मजा असते. सिएराच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे मोठ्या वळणदार काचा आहेत, छतात वाकून शिरणाऱ्या. त्या उघडत नाहीत. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात ती काच म्हणजे भट्टीचं झाकण. एसी असून नसल्यासारखा वाटतो, मागच्या माणसाला ओला टॉवेल द्यावा लागतो. हिवाळ्यात मात्र तिच्यासारखी जागा नाही. नळदुर्गच्या रस्त्याला किल्ल्याची तटबंदी दिसायला लागली की अब्बा मान वर करून त्या काचेतून बघत. आयुष्यभर ट्रकच्या पुढच्या काचेतून फक्त रस्ता बघितलेला माणूस. “पहिल्यांदा आजूबाजूचं दिसतंय,” म्हणाले होते. 2017 मध्ये ते गेले. त्यानंतर काचेचं रबर पावसात झिरपायला लागलं. गाडीचा दोष नाही, वीस-बावीस वर्षांचं रबर कडक होणारच. पण तसलं रबर दुकानात मिळत नाही. आमच्या उस्तादने ट्रकच्या काचेचं रबर कापून, तापवून, वळवून बसवलं. अजून टिकून आहे.

उस्ताद म्हणजे अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारा माणूस. त्याचं नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही. गॅरेजची भाषा हा माझ्या आवडीचा विषय आहे. तिथे पाना मराठी आहे, पक्कड मराठी आहे, उस्ताद-शागीर्द फारसी आहेत, क्रँक, नोझल, गॅस्केट इंग्रजी, आणि या सगळ्यांना जोडणारी क्रियापदं दखनी. इंजिन तिथे ‘बांधतात’, दुरुस्त करत नाहीत. बॉनेटच्या आत बघून उस्ताद म्हणतो, “हवा लेरी गाडी.” म्हणजे डिझेलच्या पाइपात कुठेतरी बारीक गळती आहे आणि तिथून हवा शिरतेय. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. आत ओढलेली हवा वीसेक पटीने दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेलच्या जागी नोझलपर्यंत हवेचा बुडबुडा पोचला की सगळं ठप्प. मग फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत बसायचं, नट ढिला करायचा, फेस यायचा थांबून निव्वळ डिझेल वाहायला लागलं की आवळायचा. हे मी स्वतः करू शकतो. मोहोळजवळ रात्री अकरा वाजता मोबाइलच्या उजेडात केलेलं आहे.

बाकी या इंजिनाची मागणी कमी. सकाळी किल्ली अर्धी फिरवून हिटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, ऑइल वेळेवर बदलायचं, डिझेल चांगल्या पंपावर भरायचं. माझ्या वहीत हिशेब आहे. पंधरा वर्षांत नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास, लिटरला सरासरी साडेअकरा. वहीच्या पहिल्या पानांवर डिझेल चाळिशीच्या आसपास आहे, आता नव्वदीच्या वर. तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवायचं. ऑक्टोबर 2014 मध्ये तो बाजारावर सोडला आणि पेट्रोल-डिझेलमधली दरी आटत गेली. स्वस्ताई म्हणून डिझेल घेणाऱ्यांचं गणित तिथेच संपलं. मोठा खर्च दोनदा झाला. 2013 मध्ये क्लच, 2019 मध्ये पंप.

पंप म्हणजे डिझेल मोजून, दाबून, नेमक्या क्षणी प्रत्येक नोझलला पाठवणारा गाडीचा दिल. त्याचं काम नेहमीचा मेकॅनिक करत नाही. पंपवाला वेगळा असतो, त्याच्याकडे टेस्ट बेंच असतं, काचेच्या नळ्यांत थेंब मोजले जातात. 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त 10 भाग उरलंय, जुन्या काळी ते हजारांत असायचं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढताना डिझेलचं वंगणही कमी होतं, आणि जुना पंप आतून डिझेलवरच घसरतो. तेल कंपन्या त्यासाठी डिझेलमध्ये वेगळं वंगण मिसळतात. तरी उस्ताद टाकीत थोडं टूटी ऑइल घालायला सांगतो. मी घालतो. उपयोग होतो की मनाचं समाधान, यावर वाद घालण्याइतकं रसायनशास्त्र आम्हा दोघांकडे नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. 2021 च्या पावसाळ्यात गाडी दर दोन-तीन दिवसांनी झटके खायला लागली. उस्ताद नोझलवर संशय घेऊन होता, मी पंपावर. बॉनेटखालून एक आवाज आला, “सर, पंप नै, नोझल बी नै. टाकीतली जाळी चोकअप है.” वर बघितलं तर माझा विद्यार्थी. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो आठवीत होता. बाप यंत्रमागावर, आई बिड्या वळायची. टाळेबंदीत माग थांबले. घरात एक फोन, भावंडं तीन. ऑनलाइन वर्गाच्या यादीत त्याचं नाव होतं, चौकटीत तो कधी दिसला नाही. मी दोनदा घरी जाऊन आलो. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा मुलाचं बोट धरून चालवतो, नववीच्या दारात सोडून देतो. त्यात आमच्याकडच्या कितीतरी उर्दू शाळा सातवीलाच संपतात. नववीला तो आलाच नाही. गॅरेजला गेला.

त्याचं निदान बरोबर होतं. टाकी उतरवली तर जाळीवर काळा चिखल. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, चढावर झटका खाते, थोडं थांबलं की परत नीट चालते. थांबल्यावर कचरा खाली बसतो. नोझल खराब असती तर थांबून बरी झाली नसती. मी वर्गात मुलांना निबंधाची मांडणी शिकवतो, आधी निरीक्षण, मग कारण, मग निष्कर्ष. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीकडूनही मला एवढी स्वच्छ मांडणी क्वचित मिळाली असेल. वर्गात हा मुलगा मराठीच्या जोडाक्षरांवर अडखळायचा.

बी.एड.ला आम्हाला नई तालीमवर टीप लिहायची असायची. 1937 मध्ये वर्ध्यात परिषद झाली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते, पुढे राष्ट्रपती झाले. पाच गुणांची टीप. गॅरेजमध्ये उभं राहून बघितलं की कळतं, हाताचं शिक्षण या देशात थांबलेलं नाही, फक्त ते शाळेच्या बाहेर चालू आहे. त्याला पगार नीट नाही, सुट्टी फक्त जुम्याला अर्धा दिवस, आणि सर्टिफिकेट कसलंच नाही. आमच्या समाजात पोरगं गॅरेजला लागलं की ‘हुनर शिकतोय’ म्हणून समाधान मानतात. हुनर आहेच, मी रोज त्याच्या जिवावर शाळेत पोचतो. पण उस्तादच्या हाताखाली बारा वर्षं काढलेल्या माणसालाही मोठ्या सर्व्हिस सेंटरचा वॉचमन गेटवर दहावीचा कागद विचारतो. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रवेशाला दहावी पास लागते. ज्याला डिझेल येतं त्याच्याकडे दहावी नाही, ही गंमत मला तरी गंमत वाटत नाही.

आणि काळ थांबलेला नाही. माझ्या गाडीसारखी इंजिनं, जी कानाने ऐकून दुरुस्त होतात, ती आता मोजकीच. नव्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल आहे, सेन्सर आहेत, बिघाड स्कॅनरच्या पडद्यावर इंग्रजीत येतो. मारुतीने तर 2020 पासून डिझेल मोटारी विकायचंच सोडलं. उस्तादचं निभून जाईल, तो साठीला आला. पोराला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत.

त्याला दहावीला बसवायचं हे मी 2022 पासून बोलत होतो. महाराष्ट्रात फॉर्म नंबर 17 नावाची सोय आहे, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देता येते. तो हसून टाळायचा. गणित येत नाही म्हणायचा, आणि दुसऱ्या क्षणाला सव्वीस पॉइंट पाचचा बोअर किती थाउने वाढवायचा ते तोंडी सांगायचा. उस्तादचा विरोध नव्हता, उत्साहही नव्हता. “सर, पढ़ के ये चला जाएगा,” एवढंच तो एकदा म्हणाला. त्याच्या बाजूनेही बघितलं पाहिजे. पाच वर्षं शिकवलेला शागीर्द जाणं म्हणजे त्याचा उजवा हात जाणं. शेवटी गेल्या उन्हाळ्यात पोराच्या सोबतचा एक मुलगा दहावीचा कागद असल्यामुळे शोरूमला लागला, तेव्हा हा स्वतः माझ्याकडे आला. शाळा सोडल्याचा दाखला काढण्यात दोन आठवडे गेले, फॉर्म मुदतीत भरला. आता दर रविवारी जोहरनंतर तो माझ्या घरी येतो. विज्ञानातला उष्णतेचा धडा त्याने मलाच समजावला. मराठीच्या पेपरची मला काळजी आहे. पत्रलेखनात त्याला सराव म्हणून दिलं, ‘गाडी दुरुस्तीबद्दल ग्राहकाला पत्र लिहा’. त्याने लिहिलं, ‘आपली गाडी हवा घेत आहे’. मी ते खोडलं नाही.

गाडीचाही कागद यंदाच संपतोय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझं 2011, 2016 आणि 2021 मध्ये झालं. 2021 ला फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5000 झाली, आणि 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. वर पर्यावरण कर आहे, डिझेलला पेट्रोलपेक्षा थोडा जास्त. लोक म्हणतात, सरकार जुन्या गाड्यांना छळतंय. मला तसं वाटत नाही. डिझेलचा धूर मुलांच्या छातीत जातो. वर्गात दोन मुलं पंप घेऊन येतात, श्वासाचे. दिल्लीत 2015 साली हरित लवादाने दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दिल्लीत राहत असतो तर माझी गाडी केव्हाच भंगारात गेली असती, आणि मी तक्रार केली नसती. इथे पीयूसीला धुराची घनता मोजतात, जुन्या गाड्यांसाठी मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट आहे. माझी मागच्या वेळी 48 आली. नोझल दोन वर्षांनी तपासून घेतो म्हणून आली. ज्या वर्षी ती साठी ओलांडेल त्या वर्षी मी स्वतः भंगारवाल्याला बोलावणार आहे, हे घरात सांगून ठेवलंय.

घरात मात्र वेगळीच चर्चा चालू आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने सिएराचं नाव परत आणलं. नवी गाडी पाच दारांची आहे. तेव्हापासून जुन्या सिएरांना एकदम भाव चढला. पुण्याच्या एका हौशी माणसाने फोटो बघून तीन लाख देतो म्हणून फोन केला. बायकोचं म्हणणं, मुलीच्या कॉलेजची फी समोर आहे, देऊन टाका. म्हणणं चुकीचं नाही. अम्मीला आता पुढच्या सीटवरही चढवत नाही, ती रिक्षाने जाते. मी त्या माणसाला जूननंतर बोलू म्हटलं, कारण जूनमध्ये नोंदणी संपते आणि तोवर दहावीचा निकालही लागलेला असेल. त्याला निकालाचं काही कळलं नाही. तो परत परत एवढंच विचारत होता, मागच्या काचा मूळच्या आहेत ना? मी म्हटलं, काचा मूळच्या आहेत, रबर ट्रकचं आहे. ते का, असं त्याने विचारलं तेव्हा फोन उस्तादकडे दिला.